घरबांधणी आणि अंगणांतील झाड

नवें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे घरांतील प्रत्येकाचें लक्ष निरनिराळ्या गोष्टींकडे लागतें. कर्त्या पुरुषास पैशाची विवंचना, गृहिणीस स्वयंपाकघराच्या उजेडाची चिंता, मुलांना आपापल्या खोलीचें स्वप्न. वास्तुशिल्पज्ञ कागदावर रेघा ओढतो, कंत्राटदार लोखंडाचे व सिमेंटचे हिशेब मांडतो. या सगळ्या गडबडींत अंगणांत उभ्या असलेल्या झाडाची गोष्ट एकदांच निघते, आणि तीहि एका प्रश्नाच्या रूपानें: हें तोडावें कीं ठेवावें? तोडावयाचें असेल तर महानगरपालिकेची परवानगी लागेल, ठेवावयाचें असेल तर कांहींच करावयास नको, अशी सर्वांची समजूत असते. ही समजूत कितपत बरोबर आहे, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

उदाहरणादाखल एक घर घ्यावें. घर कल्पनेंतलें आहे, परंतु त्याची हकीगत ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांना आपल्या आळींतली वाटेल. पुण्याच्या एखाद्या जुन्या वसाहतींतील हा लहानसा बंगला. आजोबांनीं तो बांधला आणि आजीनें परसांत एक कोय रुजत घातली; तिचा आंबा झाला. तीन पिढ्यांनीं त्याच्या कैऱ्यांचें लोणचें खाल्लें. नातवाच्या काळीं घर अपुरें पडूं लागलें, भिंतींना ओल आली, आणि जुनें घर पाडून त्याच जागीं तीन मजल्यांचें घर बांधण्याचें ठरलें. आवारांत आंब्याखेरीज एक नारळ व एक सुबाभूळ होती. हीं दोन झाडें नव्या जोत्याच्या आड येत होतीं. त्यांकरितां रीतसर अर्ज झाला आणि परवानगी मिळाली. आंबा मात्र राखावयाचा, याविषयीं घरांत दुमत नव्हतें. नकाशावर त्याच्या जागीं एक हिरवें वर्तुळ काढण्यांत आलें व शेजारीं शब्द लिहिला गेला: ‘राखणें’.

पुढें बांधकाम सुरू झालें. कुंपणाच्या भिंतीचा पाया आंब्याच्या बुंध्यापासून चार फुटांवर खणला गेला. दुसऱ्या बाजूस पाण्याच्या टाकीसाठीं खड्डा झाला. जेसीबीच्या दातांत मनगटाएवढीं मुळें सांपडलीं, तीं ओढून तोडलीं गेलीं. आवारांत सांवली तेवढी आंब्याखालींच; म्हणून वाळूचा ढीग तेथें पडला, माल तेथेंच कालविला गेला, घमेलीं तेथेंच धुतलीं गेलीं. मालमोटार मागें घेतांना खोडाची हातभर साल निघाली. रात्रींच्या दिव्याची तार बांधण्यासाठीं खोडांत खिळे ठोकले गेले. घर पुरें झाल्यावर पावसाळ्यांत चिखल होऊं नये म्हणून बुंध्यापर्यंत फरशी बसविली गेली. वास्तुशांतीच्या दिवशीं आंबा हिरवागार होता. पुढच्या वर्षीं तर त्याला असा मोहोर आला कीं, नव्या घराचा पायगुण म्हणून सर्वांनीं आनंद मानला. त्यानंतरच्या वर्षीं पानें लहान पडूं लागलीं आणि शेंडे वाळले. चौथ्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं वाऱ्याच्या झोताबरोबर झाड मुळांपासून कलंडलें व कुंपणाच्या भिंतीवर पडलें. त्या वेळीं खालीं कोणी नव्हतें, हें सुदैव. घरांतील मंडळींनीं दोष वाऱ्यास दिला.

वाऱ्याचा दोष अगदींच थोडा होता. झाडाचें मरण चार वर्षांपूर्वीं, पायाचा चर खणला त्याच दिवशीं सुरू झालें होतें. तें समजण्यास झाडाच्या रचनेची थोडी माहिती हवी.

झाडाचीं मुळें म्हटलीं म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें खोल गेलेलें एखादें जाड सोटमूळ उभें राहतें. वाढलेल्या झाडाची स्थिति सामान्यतः तशी नसते. त्याचीं बहुतेक मुळें जमिनीच्या वरच्या एक मीटरच्या थरांत असतात आणि आडवीं पसरत फांद्यांच्या घेराच्याहि बाहेर जातात. पाणी व क्षार शोषून घेण्याचें काम त्यांचीं केसांसारखीं बारीक टोकें करतात. या टोकांना पाण्याइतकीच हवेचीहि गरज असते. मातीच्या कणांमध्यें ज्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांतील हवेवर मुळांचें श्वसन चालतें. त्या मातीवरून जड वाहनें फिरलीं किंवा तिच्यावर विटांचे व वाळूचे ढीग महिनोन् महिने राहिले कीं या पोकळ्या चेपून जातात. एकहि मूळ न कापतां सर्व मुळें गुदमरतात. सिमेंटचें पाणी जमिनींत मुरलें कीं मातीचा गुणधर्म बदलतो, तो मुळांना सोसत नाहीं. आवाराची पातळी वाढविण्यासाठीं बुंध्याभोंवतीं दोन फूट भर घातली तरीहि परिणाम तोच.

सालीची गोष्टहि अशीच आहे. पानांनीं तयार केलेलें अन्न सालीच्या आंतल्या थरांतून खालीं मुळांकडे जातें. खोडाच्या सर्व बाजूंनीं साल वलयाकार निघाली तर पानें कांहीं काळ हिरवीं राहतात, परंतु मुळांची उपासमार होऊन अखेरीस झाड मरतें. साल एकाच बाजूची निघाली तर झाड वांचूं शकतें. पण ती जखम उघडी राहून तींतून बुरशीचा व कीटकांचा प्रवेश होतो. राहतां राहिलीं जाड मुळें. झाडास उभें धरून ठेवणारे दोर तेच. एका बाजूचे दोर तुटले कीं झाड त्या आधारास मुकतें, आणि मग तें वाऱ्यानें पडावयाचें ही केवळ वेळेची बाब राहते.

झाड लगेच कां मरत नाहीं, हा यांतला महत्त्वाचा प्रश्न आहे. झाडाच्या लांकडांत व मुळांत सांठविलेलें अन्न असतें. इजा झाल्यावर त्या शिदोरीवर तें एक-दोन वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ निभावून नेतें. संकटांत सांपडलेलें झाड कधीं कधीं नेहमीपेक्षां अधिक फुलतें व फळतें. त्या घरच्या मंडळींनीं ज्या मोहोराचा आनंद मानला, तो असा होता. कारण आणि परिणाम यांच्यामध्यें असा तीन-चार वर्षांचा काळ गेल्यामुळें कंत्राटदार केव्हांच निघून गेलेला असतो, अधिकाऱ्याच्या दफ्तरांतील प्रकरण बंद झालेलें असतें, आणि घरच्या माणसांना त्या दोन गोष्टींचा संबंध सुचतहि नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहावें. महाराष्ट्रांत शहरांतील झाडांसाठीं 1975 सालचा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रें) झाडांचें संरक्षण व जतन अधिनियम हा मुख्य कायदा आहे. या कायद्यान्वयें शहराच्या हद्दींत, जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, कोणासहि पूर्वपरवानगीवांचून झाड पाडतां येत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक नगरसंस्थेंत वृक्ष प्राधिकरण असतें व वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. अर्जांत झाडाचें वर्णन, पाडण्याचें कारण आणि झाडाची जागा दाखविणारा नकाशा द्यावा लागतो. झाडावर नोटीस लावून व वृत्तपत्रांत जाहीर करून लोकांच्या हरकती मागविण्याची तजवीज आहे. झाड पाडल्यावर त्याच जागीं किंवा अन्य योग्य जागीं 30 दिवसांच्या आंत दुसरें लावण्याची अट मूळच्या कायद्यांतच होती. 2021 सालच्या दुरुस्तीनें हें बंधन पुष्कळ वाढविलें. अंदाजें 50 वर्षें किंवा अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ ठरविण्यांत आलें, आणि जितक्या वर्षांचें झाड पाडावयाचें तितकीं नवीं झाडें लावून तीं सात वर्षें जगवावीं, असें ठरलें.

हें सर्व अनेकांना ठाऊक असतें. परंतु त्याच कायद्यांतील एक लहानशी व्याख्या फारच थोड्यांच्या ध्यानांत असते. ‘झाड पाडणें’ म्हणजे काय, हें सांगतांना कायद्यानें जाळणें व तोडणें यांच्याबरोबर झाडास कोणत्याहि प्रकारें इजा करणें याचाहि समावेश केला. अर्थात् कायद्याच्या दृष्टीनें कुऱ्हाड घातली म्हणजेच झाड पाडलें असें नव्हे. मुळें तोडणें, साल काढणें, बुंध्याशीं अपायकारक द्रव्य ओतणें, हींहि झाड पाडण्याच्याच सदरांत येऊं शकतात. आपल्या कथेंतील घरमालकानें दोन झाडांसाठीं परवानगी काढली, परंतु तिसऱ्या झाडास ज्या इजा झाल्या त्यांसाठीं काढली नाहीं. कारण त्या इजा आहेत हेंच त्याला माहीत नव्हतें. त्याला तें कोणीं विचारलेंहि नाहीं. अर्जाच्या कागदावर झाडें दोनच प्रकारचीं होतीं, पाडावयाचीं व राखावयाचीं. राखलेलें झाड कसें राखणार, हा प्रश्न त्या कागदावर कोठेंच नव्हता.

परदेशांतील कांहीं शहरांनीं हा प्रश्न निराळा काढून त्याला स्वतंत्र उत्तर दिलें आहे. कॅनडांतील टोरांटो शहराचें उदाहरण घेण्यासारखें आहे. तेथें 2004 सालापासून खाजगी जमिनीवरील झाडांसाठीं नगरपालिकेचा स्वतंत्र नियम आहे. जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर ज्याच्या खोडाचा व्यास 30 सेंटिमीटर किंवा अधिक भरतो, अशा झाडास तो लागू होतो. असें झाड नष्ट करावयाचें असेल तर परवाना लागतो. आणि झाड राहणार आहे, पण बांधकामामुळें त्यास इजा होणार आहे, तर त्या इजेसाठींहि परवाना लागतो. खोडाच्या जाडीप्रमाणें झाडाभोंवतीं रक्षणाचें क्षेत्र ठरवून दिलेलें आहे. 30 ते 40 सेंटिमीटर जाडीच्या झाडास सभोंवार निदान 2.4 मीटर, एक मीटर जाडीच्या झाडास 6 मीटर, याप्रमाणें. काम सुरू होण्यापूर्वीं त्या क्षेत्राभोंवतीं कुंपण उभारावें लागतें; त्याच्या आंत खणणें, भर घालणें, सामान ठेवणें किंवा वाहन नेणें यांस मनाई असते. पाया त्या क्षेत्रांत शिरणार असेल तर वृक्षतज्ज्ञाचा अहवाल जोडून, कोणतीं मुळें कोठें कापलीं जातील व झाड त्यांतून वांचेल कीं नाहीं, हें आधीं सांगावें लागतें. झाड शेजाऱ्याच्या आवारांत असलें आणि रक्षणाचें क्षेत्र बांधकामाच्या जमिनींत आलें, तरीहि नियम तोच. कारण मुळांना कुंपण कळत नाहीं.

या पद्धतीचा खरा गुण ती इजेचा विचार खणण्यापूर्वीं करावयास लावते हा आहे. दंड व शिक्षा या गोष्टी झाड मेल्यानंतरच्या आहेत. त्यांनीं झाड परत येत नाहीं. परंतु नकाशा कागदावर असतांना भिंत दोन हात सरकविणें, टाकीची जागा बदलणें, याला फारसा खर्च येत नाहीं.

यावर घरमालकांच्या कांहीं तक्रारी आहेत, आणि त्या पोकळ नाहींत. पहिली तक्रार न्यायाची. ज्यानें आपल्या आवारांत झाडें लावून वाढविलीं त्यालाच अर्ज, हेलपाटे व अनामत रकमा. आणि ज्यानें सबंध आवारास फरशी घातली तो मोकळा, हा कोठला न्याय? दुसरी तक्रार विलंबाची. वृक्ष अधिकारी पाहणीस केव्हां येणार, प्राधिकरणाची बैठक केव्हां भरणार, आणि तोंवर कर्जाचें व्याज व भाड्याच्या घराचें भाडें कोणीं सोसावें? तिसरी तक्रार जागेची. शहरांतील जमिनीचे तुकडे लहान; त्यांत झाडाभोंवतीं सहा मीटरचें वर्तुळ राखावयाचें तर घर बांधावयाचें कोठें?

पहिल्या तक्रारीला उत्तर हेंच कीं झाड लावणाऱ्याचें असतें, पण त्याची सांवली एकट्याची नसते. मुंबईची जी वृक्षगणना 2018 च्या सुमारास जाहीर झाली, तींत सुमारें 29 लक्ष 75 हजार झाडें मोजलीं गेलीं. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक खाजगी आवारांत होतीं. रस्त्यांवरचीं व बागांतलीं झाडें मिळून त्या मानानें थोडींच. याचा अर्थ असा कीं शहराची हवा, पावसाचें पाणी मुरविणारी जमीन, उन्हाळ्यांतील गारवा, या सर्वांचा मोठा भार कोणा ना कोणा गृहस्थाच्या परसावर आहे. म्हणूनच नगरसंस्थेचा त्यांत संबंध येतो. तरीहि झाडें राखणाऱ्यास बंधनाबरोबर कांहीं सवलतहि मिळावी, ही मागणी रास्त आहे. नुसत्या बंधनानें झाडें लावण्याचा उत्साह वाढत नाहीं. दुसऱ्या तक्रारीला तर नगरसंस्थेकडे उत्तर नसावें. परवानगी वेळेवर न मिळाल्यानेंच रात्रींच्या वेळीं झाडाचा चोरून नाश करण्याचा मोह होतो. ज्या कायद्याचें पालन करणें जिकिरीचें, तो कायदा प्रामाणिक माणसालाच तेवढा जाचतो.

तिसरी तक्रार मात्र व्यवहाराची आहे, आणि तिचें उत्तरहि व्यवहारांतच शोधलें पाहिजे. इंग्लंडांत बांधकाम व झाडें यांविषयीं 5837 क्रमांकाचें ब्रिटिश मानक आहे. त्यांत मुळांच्या रक्षणासाठीं खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचें वर्तुळ धरलें आहे. घरच्या घरीं हें मोजावयाचें असेल तर एक सुतळी पुरे. छातीच्या उंचीवर खोडाभोंवतीं सुतळी गुंडाळावी, जेवढी लागेल तिच्या चौपट लांबी घ्यावी, आणि बुंध्यापासून तेवढ्या अंतरावर चुन्याची रेघ मारावी. पांच फूट घेराच्या आंब्यास ती वीस फुटांवर येईल. एवढी जागा सर्व बाजूंनीं सुटेल असें नाहीं. परंतु ती रेघ पाहिल्यावर कोठें आपण झाडास हात लावीत आहों, हें तरी समजतें. एका बाजूस थोडें आंत यावें लागलें तर निदान दुसऱ्या बाजू मोकळ्या सोडतां येतात.

त्या रेघेच्या आंत काम करणें भागच असेल तर कांहीं पथ्यें पाळतां येतात. यंत्रानें न खणतां कुदळ-फावड्यानें हळूहळू खणावें. मूळ सांपडलें तर तें ओढून न तोडतां धारदार करवतीनें साफ कापावें. फाटलेली जखम कुजते, साफ जखम बरी होण्याचा संभव अधिक. उघडीं पडलेलीं मुळें ओल्या गोणपाटानें झांकावींत आणि माती लवकर परत भरावी. मनगटाएवढें किंवा अधिक जाड मूळ आलें तर काम थांबवून जाणत्यास विचारावें. कुंपणाची भिंत सलग पायावर न बांधतां मध्यें मध्यें खांब घेऊन वर तुळई टाकली, तर मुळें तिच्या खालून जाऊं शकतात. वाळू, विटा, सळ्या व माल कालविण्याची जागा रेघेच्या बाहेर ठरवून द्यावी, आणि ती कंत्राटाच्या कागदांतच लिहावी; तोंडी सांगितलेलें मजुरांच्या दुसऱ्या टोळीपर्यंत पोंचत नाहीं. खोडाभोंवतीं फळ्या उभ्या बांधाव्या, खिळे ठोकूं नयेत. उन्हाळ्यांत काम चालू असेल तर बांधकामावर मारण्याच्या पाण्यांतलें थोडें झाडासहि घालावें. आणि घर पुरें झाल्यावर बुंध्याशीं फरशी भिडवूं नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें 2013 सालीं दिल्लीविषयीं आज्ञा दिली कीं झाडांच्या सभोंवतींचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढून टाकावें. जें रस्त्यावरील झाडाला हवें तें घरच्या झाडाला नको असें कसें होईल?

कधीं कधीं असेंहि होईल कीं सर्व बाजूंनीं विचार करून झाड वांचणार नाहीं हेंच ठरेल. मग तें स्पष्टपणें मान्य करून पाडण्याची परवानगी मागणें हें अधिक सरळ. नकाशावर ‘राखणें’ असें लिहावयाचें आणि मुळें तोडून तें घरावर किंवा रस्त्यावर पडण्यासाठीं उभें ठेवावयाचें, यांत झाडाचेंहि हित नाहीं, माणसाचेंहि नाहीं. अशा झाडाखालून शाळेचीं मुलें जातात, भाजीवालीची हातगाडी उभी राहते. परवानगी घेऊन पाडलेल्या झाडाच्या बदल्यांत दुसरीं झाडें लावावीं लागतात. नकळत मारलेल्या झाडाची कोठेंच नोंद होत नाहीं व त्याच्या जागीं कांहींच लागत नाहीं.

नगरसंस्थांनींहि यांत एक पाऊल पुढें टाकतां येईल. बांधकामाच्या नकाशावर झाडाच्या जागीं जें लहानसें वर्तुळ काढलें जातें, त्याच्याबरोबर मुळांच्या क्षेत्राचें मोठें वर्तुळहि काढावयास लावावें. तें पाया, टाकी, भिंत किंवा नळ यांना कोठें छेदतें हें मग कोणासहि दिसेल. वृक्ष अधिकाऱ्यानें जोत्याच्या वेळीं एकदां आणि बांधकाम पुरें झाल्यावर एकदां राखलेल्या झाडांची पाहणी करावी. त्यासाठीं नवा कायदा लागणार नाहीं. इजा म्हणजे पाडणेंच, हें तत्त्व 1975 सालच्या कायद्यांत आहे. त्याची आठवण अर्जाच्या छापील कागदावर नाहीं, एवढेंच.

कथेंतल्या त्या घरीं आंबा पडल्यानंतर महिन्याभरानें भिंत दुरुस्त झाली. लांकूड वखारवाल्यानें नेलें. खड्डा बुजवितांना घरच्या वृद्ध स्त्रीनें गवंड्यास एक तुटकें मूळ दाखविलें. त्याचें टोंक काळें पडलें होतें, आणि तें नेमकें भिंतीच्या पायाशीं संपत होतें. आता त्या जागीं नवी कोय लावावयाची कीं फरशी पुरी करावयाची, याविषयीं घरांत बोलणें चाललें आहे. कोय लावावयाचीच असेल तर तिच्याभोंवतीं किती जागा सोडावयाची, हें आधीं ठरविलेलें बरें.